तिनं आज खाल्लं नाही

इंग्लंडमध्ये ब्रॅकनेल गावाच्या कडेला एक इंडस्ट्रियल इस्टेट आहे. तिथे टायरवाला आणि किचन बसवून देणारा यांच्या मधल्या शटरमागे बसून मी दीड वर्ष पाली विकल्या. आईला पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पाली? आणि लोक त्या विकत घेतात?" घेतात, म्हटलं. फोटो बघून, बुकिंग करून, महिनामहिना वाट बघून घेतात. आमच्या घरात पाल दिसली की झाडू निघायचा.

पाली म्हणजे लेपर्ड गेको. पिवळं अंग, त्यावर काळे ठिपके, जाड शेपूट, आणि जिवणी अशी की मघापासून गालातल्या गालात हसतेय असं वाटावं. शिवाय थोडे साप होते, काही मोठे सरडे होते. दुकान असं नव्हतंच. एक वेबसाइट होती आणि तिच्या मागे एक बाई होती. साठी ओलांडलेली, इंग्लिश, ठेंगणी, दोन्ही गुडघ्यांनी हैराण. सकाळी सहाला येऊन ती एकेक डबा उघडायची, पाणी बदलायची, विष्ठा काढायची, कोण किती खातंय ते वहीत लिहायची, थर्मामीटर बघायची. रातकिड्यांना आधी गाजर खायला घालायची, मग ते रातकिडे पालींना. हे सगळं झालं की पॅकिंग आणि फोन. इकडे सगळे सगळ्यांना नावानं हाक मारतात, मीही तिला मारायचे, पण मनात ती माझ्यासाठी बाईच राहिली.

मला तिनं ठेवलं ते गिऱ्हाइकांच्या मेसेजना उत्तरं द्यायला. मी पुण्यात बँकेत तेच करत होते. नवऱ्याला इथे आयटीत नोकरी लागली म्हणून त्याच्या मागोमाग आले. नोकरी धरली तेव्हा बाबा जाऊन दोन महिने झाले होते आणि मला काहीही वाटत नव्हतं. हे मी उगाच सांगत नाही. पुण्याला जाऊन सगळं करून आले, दहावा-तेरावा केला, आईजवळ राहिले, परत आले, आणि या सगळ्यात एकदाही रडले नाही. रडू आवरलं असंही नाही, ते आलंच नाही. चहाची चव कळायची, पाऊस लागला की कळायचा, पण त्यापलीकडे आत सगळं बधिर. नवरा आधी काळजीनं बघायचा, मग त्यालाही सवय झाली. मला असं काम हवं होतं ज्यात कुणी माझ्याकडे बघणार नाही. पाली बघत नाहीत. त्यांना ऊब हवी असते आणि किडे हवे असतात.

गिऱ्हाइकांना मात्र बरंच काही हवं असायचं. शनिवारी वाढदिवस आहे, शनिवारी सकाळी नऊच्या आत पाठवा. ती फ्रेंडली आहे का? मांडीवर बसेल का? डाव्या बाजूनं फोटो हवा, उजव्या बाजूनं हवा, खातानाचा व्हिडिओ हवा. काल दुपारी मेसेज केला, अजून उत्तर नाही, असं कसं चालेल? एकीनं विचारलं होतं की पाल आमच्या सोफ्याच्या रंगाला शोभेल का. मी सगळ्यांना गोड उत्तरं द्यायचे. नाही म्हणायला माझी जीभ रेटत नाही, बँकेतही रेटायची नाही. "हो, बघते," "नक्की प्रयत्न करू," असं लिहून टाकायचे, आणि मग तो व्हिडिओ काढायला बाईला गुडघे टेकून खालच्या फळीवरचा डबा ओढावा लागायचा. ती मला एकदाच म्हणाली होती, "आहे तेवढंच सांग त्यांना. जास्त नाही, कमी नाही. मला ते परवडतं."

जिवंत प्राणी साध्या पोस्टानं जात नाहीत. त्यासाठी परवाना असलेला कुरिअर लागतो, गरम केलेली व्हॅन लागते, आणि थंडी फार पडली की तीही निघत नाही. त्या जानेवारीत थंडी हटतच नव्हती. बुकिंग झालेल्या पाली तशाच पडून होत्या आणि त्यांचे मालक मला धारेवर धरत होते. एकानं तर हवामान हा आमचा बहाणा आहे असं लिहिलं. माझ्यावर त्याचा काही परिणाम होत नव्हता. मी सॉरी टाइप करायचे आणि पुढचा मेसेज उघडायचे.

या सगळ्यांत एकच गिऱ्हाईक वेगळं होतं. बर्मिंगहॅमचा एक म्हातारा. आयुष्यभर बस चालवून रिटायर झालेला. त्यानं निवडलेली पाल कुणी घेत नव्हतं, कारण तिची शेपूट एकदा तुटून परत उगवली होती आणि ती नवी शेपूट आखूड नि मुळ्यासारखी दिसायची. त्यानं पहिल्याच मेलमध्ये लिहिलं की बायको गेल्या उन्हाळ्यात गेली, घरात हीटर फक्त आपल्यासाठी लावायचा जिवावर येतं, दुसरं कुणीतरी ऊब लागणारं असलं तर बरं. पेटी त्यानं स्वतः सुतारकाम करून बनवली होती. तिचे फोटो पाठवले. उबदार कोपऱ्यात स्लेटची फरशी घातली होती, लपायला अर्धं कापलेलं मातीचं कुंडं.

त्यानं घाई कधी केली नाही. रोज संध्याकाळी पाचच्या सुमारास एकच ओळ यायची, आज ती कशी आहे? आणि मी एक ओळ लिहायचे. आज तीन टोळ खाल्ले. आज कात टाकली. आज लपायच्या डबीतून तोंड बाहेर काढून बसली होती. ते माझं काम नव्हतं, पण घरी निघायच्या आधी मी तेवढ्यासाठी तिच्या डब्यापाशी जायचे. पाच आठवडे असं चाललं. नवरा म्हणायचा, "अगं, त्या आजोबांशी जेवढं बोलतेस तेवढं माझ्याशी बोलत नाहीस." चेष्टेत म्हणायचा, पण ते खरंच होतं.

फेब्रुवारीत थंडी एकदम कमी झाली. कुरिअरनं कळवलं की गुरुवारी मिडलंड्सकडे, म्हणजे बर्मिंगहॅमच्या बाजूला, गाडी निघेल. म्हाताऱ्याला मी तसं लिहिलं. त्याचं उत्तर आलं की शेजारणीला सांगितलंय, गुरुवारी मी दारापासून हलणार नाही.

मंगळवारी सकाळी मी पोचले तेव्हा बाई टेबलाशी उभी होती आणि समोर टिश्यूवर ती पाल होती. रात्रीतून मेली होती. बाहेरून काही दिसत नव्हतं. असं कधीकधी होतं, बाई म्हणाली. तिनं व्हेटला, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरला, फोन केला. तपासायला नेईपर्यंत फ्रीजमध्ये ठेवा, असं त्यानं सांगितलं. मग ती माझ्याकडे वळली. "त्याला आत्ताच कळव. मेली म्हणून सांग, पैसे परत करतो म्हणून सांग. दुसरी देतो वगैरे आज काही लिहू नकोस." आणि ती गेली, कारण पाच आठवड्यांच्या सगळ्या ऑर्डरी दोन दिवसांत बांधायच्या होत्या.

मी मेल उघडला. "कळवायला वाईट वाटतं," एवढं लिहिलं आणि थांबले. दारापासून हलणार नाही म्हणणारा माणूस, त्याला एकदम असं कसं सांगायचं? आपल्याकडे असं कुणी सांगतं का? आपल्याकडे आधी सांगतात, जरा बरं नाहीये. मग सांगतात, ॲडमिट केलंय. मग, सीरियस आहे, निघ तू. तोवर ऐकणाऱ्याचं मन आपोआप तयार होतं, धक्का एकदम बसत नाही. मला बाबांचं असंच सांगितलं होतं. दादाचा इथल्या दुपारी एकला फोन आला की बाबांना दवाखान्यात आणलंय, काळजीचं कारण नाही. अर्ध्या तासानं परत आला की आयसीयूत आहेत, मिळेल ते विमान पकड. दुसऱ्या दिवशी मुंबईहून पुण्याला येताना, घाट चढून झाल्यावर, गाडीत शेजारी बसलेल्या काकानं माझ्या हातावर हात ठेवला आणि सांगितलं की बाबा काल रात्री अकराला गेले. तेव्हा मी हिथ्रोवर होते. मी मान हलवली. तोवर मला ते कळलेलंच होतं. याला मी माया समजत होते, दुसरं काही नाही.

म्हणून मी लिहिलेलं खोडलं आणि एकच ओळ लिहिली. तिनं आज खाल्लं नाही.

मनात हिशेब पक्का होता. आज खाल्लं नाही, उद्या अशक्त झालीय, परवा गेली. बाईनं दुपारी खोक्यांच्या ढिगातून विचारलं, "त्याला लिहिलंस?" मी हो म्हटलं. लिहिलं तर होतंच.

पण म्हाताऱ्याला आमची पद्धत ठाऊक नव्हती. त्यानं ते वाचलं तसंच घेतलं. रात्रभर बसून त्यानं सगळं शोधून काढलं असावं. बुधवारी दुपारी लांबलचक मेल आला. डब्याचं तापमान काय आहे? किड्यांचा आकार बदलून बघितला का? कोमट पाण्यात बसवून बघितलं का? बर्मिंगहॅममध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांचा एक व्हेट त्यानं गाठला होता, त्याच्याकडे शुक्रवारची वेळ घेतली होती, खर्च तो करणार होता. मी ते सगळं वाचलं. आत कुठेतरी टोचायला हवं होतं, टोचलं नाही. मी लिहिलं, ती खूप अशक्त झाली आहे, मनाची तयारी ठेवा.

आपल्याकडच्या कुठल्याही माणसाला एवढ्यावर सगळं कळलं असतं. तो रडायला लागला असता आणि मग मला उरलेलं लिहावंच लागलं नसतं.

त्याचं उत्तर दहा मिनिटांत आलं. बायकोपाशी मी नऊ आठवडे बसलो होतो, हिच्यापाशीही बसेन. तिला कुरिअरच्या गाडीत घालू नका, मी येतो.

गुरुवारी सकाळी दहाला तो शटरबाहेर उभा होता. कुरिअरची व्हॅन लागलेली, बाई आणि मी खोकी देत होतो. उंच, वाकलेला माणूस, अंगात चांगला कोट. आपण कुणाकडे तरी पाहुणे चाललोय अशा बेतानं तो आला होता. काखेत थर्माकोलचा डबा. त्यानं टोपी काढून स्वतःची ओळख सांगितली आणि म्हणाला, "आत गरम पाण्याची बाटली आहे, टॉवेलमध्ये गुंडाळून. वाटेत हायवेवर थांबून परत भरली. चालेल ना?"

बाईनं माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. ती म्हणाली, "तुम्हाला मंगळवारी कळवलं होतं ना?"

"हो," तो म्हणाला. "खात नाही म्हणून."

टायरवाल्याकडून कसलासा आवाज येत होता. बाईनं मला वाचवलंही नाही आणि पुढेही ढकललं नाही, ती नुसती थांबली. तेव्हा मीच म्हणाले, "ती गेली. सॉरी. ती मेलीय."

"आज सकाळी?"

"मंगळवारी."

त्यानं डबा खाली ठेवला. "मंगळवारी केव्हा?"

"सकाळी. म्हणजे रात्रीतूनच. तुम्हाला मी मेल केला त्याच्या आधी."

तो ओरडला असता तर मी सॉरी म्हणू शकले असते. ओरडणाऱ्यांची मला सवय होती. तो नुसता आठवत उभा राहिला. "मंगळवारी रात्री मी जागाच होतो," तो सावकाश म्हणाला. "बुधवारी व्हेटकडे गेलो, फोनवर नीट बोलता येत नाही म्हणून. काल रात्री पेटीचं तापमान दोन डिग्रीनं वाढवलं, आजारी असली तर जास्त ऊब लागेल म्हणून." मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं. "मी कुणाची काळजी करत होतो?"

मी म्हणाले, "तुम्हाला एकदम धक्का बसू नये म्हणून."

"बायकोचं हॉस्पिटलात मला एका वाक्यात सांगितलं होतं," तो म्हणाला. "एक मुलगी होती, तुझ्यापेक्षा लहान. खुर्ची ओढली, समोर बसली आणि सांगितलं. ते ऐकून मी जिथे होतो तिथे होतो. तू मला दोन दिवस कुठे नेलंस?"

बाईनं आतून पाल आणून दिली, टिश्यूत, एका लहान डब्यात. त्याची माफी मागितली. त्यानं टिश्यू उघडून आखूड शेपटीवर अंगठा फिरवला, परत झाकलं आणि तिला बाईकडे दिलं, व्हेटला बघू दे म्हणाला. मग थर्माकोलचा डबा उचलून निघाला. वळून मला म्हणाला, "रोजच्या ओळींबद्दल थँक्यू. त्या मला खऱ्या वाटायच्या." आधीच्या सगळ्या खऱ्याच होत्या, हे मला सांगायचं होतं. पण आता माझ्या सांगण्याला काय किंमत होती?

व्हॅन गेली तेव्हा बारा वाजले होते. बाई खुर्चीत बसली, गुडघा चोळत. मला वाटलं काढून टाकेल. तिनं विचारलं, "का केलंस?"

मी सांगितलं. आमच्याकडे असंच सांगतात. थोडं थोडं. माझे वडील गेले तेव्हा मलाही असंच सांगितलं.

तिनं ते ऐकून घेतलं. ती रागावलेली होती, ते दिसत होतं, पण आवाज चढला नाही. "आणि त्यानं कमी लागतं?" तिनं विचारलं. टोमणा नव्हता तो. एखादं औषध लागू पडतं का असं विचारावं तसं विचारलं होतं.

"माहीत नाही," मी म्हणाले. "मला अजून काही लागलेलंच नाही."

ती टेबलाला धरून उठली. मग म्हणाली की उद्यापासून वाईट बातम्या ती स्वतः लिहील, मी डबे बघायचे. आणि आज घरी जा.

बस यायला वीस मिनिटं होती. स्टॉपवर कुणी नव्हतं. मी दादाला फोन लावला. पुण्यात संध्याकाळचे सहा वाजले असतील, तो ऑफिसातून निघण्याच्या बेतात असणार.

"दादा, बाबा नक्की किती वाजता गेले?"

"अगं, हे काय मधेच? बरी आहेस ना?"

"सांग ना. अकरा वाजता का?"

"आता कशाला उकरून काढतेस? वर्ष होत आलं."

"दादा, प्लीज. एका वाक्यात सांग."

तिकडे लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज आला, मग बंद झाल्याचा. तो आत शिरला नसावा. "दुपारी साडेचारला," तो म्हणाला. "तुला पहिला फोन केला त्याच्या आधी. घरीच गेले होते गं. दवाखान्यात नेलं ते नुसतं नावाला."

मी मनात वेळा लावल्या. साडेचार म्हणजे इथले सकाळचे अकरा. तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. एकला त्याचा फोन. अडीचला मी टॅक्सीतून दादाला व्हॉइस मेसेज पाठवला होता. आयसीयूत सोडत असतील तर बाबांच्या कानाशी लाव, असं सोबत लिहून. बाबा, मी निघालेय, थांबा हं, एवढंच होतं त्यात. त्यावर दादाचं उत्तर आलं होतं की ऐकवलं, त्यांनी डोळे उघडले. ते वाचून मी विमानात झोपले होते. शांत झोपले होते, मला आठवतं.

"मग माझा मेसेज?" मी विचारलं.

तो लिफ्टपासून बाजूला झाला असावा, मागचे आवाज दूर गेले. 

"लावला होता त्यांच्या कानाशी," तो म्हणाला. "खालच्या मजल्यावर शवागारात ठेवलं होतं त्यांना, तिथे जाऊन लावला. तू सांगितलंस म्हणून. दोनदा लावला. तेवढं खरं आहे. डोळे उघडल्याचं मी मनानं घातलं."

आधी मला राग आला. त्या म्हाताऱ्याचा राग, जो त्यानं माझ्यावर काढला नव्हता, तोही त्यात असेल. मी दादाला काहीतरी वाकडं बोलणार होते. तोंड उघडलं आणि त्यातून रडूच आलं, मोठ्यानं, लाज वाटेल असं. बस आली. ड्रायव्हरनं दार उघडून माझ्याकडे पाहिलं, मी हातानं जा म्हटलं. पलीकडे दादाही रडत होता. त्या खालच्या मजल्यावर फोन धरून तो एकटाच उभा होता, आणि हे त्यानं आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं.